कबुतराची मान वाकडी झाली, त्यात मांजराचा काय गुन्हा?

वाचकाचं पत्र: "मी रोज गच्चीत पक्ष्यांना दाणे टाकते. मागच्या आठवड्यात एक कबूतर कठड्याशी बसलेलं दिसलं. त्याची मान अशी पिळवटली होती की चोच आभाळाकडे आणि टाळू जमिनीकडे. दाण्यावर चोच मारायचं, पण दाणा एकीकडे आणि चोच भलतीकडेच. मी त्याला टॉवेलात घेतलं, ड्रॉपरने पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. ओळखीचे एक पक्षीमित्र म्हणाले, 'मेंदूत परजीवी गेला असेल.' तेव्हापासून घरात रणकंदन चालू आहे. दिरांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिलाय, किडा मेंदूचा ताबा घेतो म्हणून. धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे. दाणे बंद करा, मांजर कुठे तरी सोडून या, तुम्ही तिच्या खोलीत जाऊ नका, असं सगळं सुरू झालंय. मी त्या पक्ष्याला हात लावला हे चुकलं का? आम्हाला काही होईल का? आणि मी पाणी पाजल्यामुळे तर ते मेलं नाही ना?"

ताई, पक्ष्याच्या मेंदूतला परजीवी हात लावल्याने माणसाला लागत नाही. तुमच्यामार्फत तो जावेपर्यंत पोचण्याचा प्रश्नच येत नाही. एवढं आधी भावजींना वाचून दाखवा आणि मग बाकीचं सावकाश वाचा. ते ओरडतायत त्यामागे कबूतर नाही, सहा महिन्यांची गरोदर बायको आहे. ते लक्षात ठेवून बोललात तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आता परजीवीचं. तुमच्या पक्षीमित्रांनी अंदाज सांगितला आणि घरात त्याचा निकाल होऊन बसला. पिळवटलेली मान बघून कारण सांगणं अनुभवी पशुवैद्यालाही जमत नाही. मेंदूला, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला किंवा मज्जारज्जूला काहीही झालं तरी पक्षी साधारण असाच दिसतो. काचेवर आदळून डोक्याला मार बसला, तरी मान कलते. अशा वेळी एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते किंवा नाकपुडीत रक्त दिसतं. शिसं पोटात गेलं तरी पक्षी लडबडतो. कीटकनाशकाने आकडी येते, आणि मग बहुधा एकाच जागी बरेच पक्षी पडलेले सापडतात. कबुतरांमध्ये तर पहिला संशय मानमोडीवरच घ्यावा लागतो. राणीखेत म्हणतात तोच हा आजार, विषाणूचा. कबुतरांत त्याचा एक वेगळा प्रकार फिरतो. हिरवट पातळ विष्ठा, थरथर आणि वाकडी मान ही त्याची ओळख. त्यातली काही कबुतरं चार-सहा आठवडे नीट सांभाळली तर वाचतातही. हा विषाणू माणसाला लागलाच तर सहसा डोळे येण्यापलीकडे जात नाही.

मेंदूच्या आजाराला चटकन नाव देऊन मोकळं व्हायचं नसतं. त्याचं मला कायम आठवणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1994-95च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावाच्या परिसरात 29 टकले गरुड मेले. मेंदू कापून पाहिला तर पांढऱ्या भागात सूक्ष्म पोकळ्याच पोकळ्या. ना परजीवी, ना विषाणू, ना ओळखीतलं विष. पुढची पंचवीसेक वर्षं शोध चालला आणि 2021 साली उत्तर मिळालं: तलावात माजलेल्या हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीच्या पानांवर एक सायनोबॅक्टेरियम (शेवाळासारखा वाढणारा जिवाणू) वाढतो आणि ब्रोमीन असलेलं एक विष तयार करतो. पाणकोंबड्यांच्या जातीचे कूट पक्षी ती पानं खातात आणि गरुड त्या कूटांना खातात. जाणकारांना एका तलावाचं कोडं सोडवायला इतका काळ लागला. आपण गच्चीवरून दहा मिनिटांत निदान करायला निघालोय.

तरीही तुमचे पक्षीमित्र हवेत बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांनी सांगितलेला आजार खरोखर आहे, आणि तुम्ही केलेलं वर्णन त्याच्याशी जुळतं. 2008च्या सुमारास बर्लिनमध्ये कबुतरं अशीच मान वाकडी करून बसू लागली. दाण्यावर चोच मारताना नेम चुकायचा, उचललेला दाणा भिरकावला जायचा. सगळी लक्षणं मानमोडीची होती, पण तपासात विषाणू निघाला नाही. निघाला तो एक एकपेशीय परजीवी. 2010 साली त्याला सार्कोसिस्टिस कॅल्चासी असं नाव मिळालं. त्याचं खरं घर म्हणजे गॉसहॉक या शिकारी पक्ष्याचं आतडं. गॉसहॉक शिक्र्याच्या कुळातला आहे आणि बर्लिन शहरात चक्क घरटी करून राहतो. तो बाधित कबूतर खातो, परजीवी त्याच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. ती विष्ठा पडलेले दाणे किंवा पाणी कबुतराच्या पोटात जातं. गॉसहॉकला यात काहीच होत नाही. सोसावं लागतं ते कबुतराला.

आजाराची चालही विलक्षण आहे. पहिल्या फेरीत कबूतर थोडं मलूल होतं आणि विष्ठेत पाणी जास्त दिसतं. एवढ्यावरून कुणाचं लक्षही जात नाही. मग ते सावरतं. परजीवी स्नायूंमध्ये गाठी करून बसतो. साधारण दोन महिन्यांनी, सगळं विसरल्यावर, अचानक मान वळते, अंग थरथरतं, पाय लुळे पडतात. आणि मेंदू तपासला तर तिथे दाह भरपूर, पण परजीवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे नासधूस करतो तो परजीवी कमी आणि त्याच्यावर तुटून पडलेली कबुतराची स्वतःची प्रतिकारशक्ती जास्त. या टप्प्यावर खात्रीचं औषध नाही. तुमच्या कबुतराला हाच आजार होता असं गृहीत धरलं, तरी तुम्हाला ते दिसलं त्याच्या आधी कित्येक आठवडे बाधा झालेली असणार. आदल्या दिवशीच्या तुमच्या दाण्यांचा त्यात दोष नाही. आणि या परजीवीची माणसाला बाधा झाल्याचं आढळलेलं नाही.

आता भावजींच्या व्हिडिओकडे वळू. 'ताबा घेणारा किडा' अगदीच बनाव नाही, पण तो सहसा पक्ष्याच्या डोक्यात नसतो. पक्षी हा त्याचा पुढचा मुक्काम असतो. कॅलिफोर्नियाच्या खाडीत किलीफिश नावाचा छोटा मासा आहे. एका चपट्या कृमीच्या अळ्या त्याच्या मेंदूवर थर करून बसतात. मग मासा पृष्ठभागाशी येऊन कडेवर वळतो, थरथरतो, चमकतो. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे बाधित मासे पाणपक्ष्यांच्या तोंडी जाण्याचं प्रमाण निरोगी माशांच्या 10 ते 30 पट आढळलं. कृमीला पक्ष्याच्या आतड्यात पोचायचं होतं, तो पोचला. व्हिडिओवाल्यांना हे फार आवडतं, आणि मग जगातला प्रत्येक लडबडणारा जीव त्यांना कळसूत्री बाहुली वाटू लागतो.

पक्ष्यांच्या मेंदूतले बहुतेक परजीवी मात्र कुणाला चालवत नसतात. ते वाट चुकलेले असतात. उत्तर अमेरिकेत ग्रॅकल नावाचा काळा चकचकीत पक्षी आहे. चँडलरेला क्विस्कली हा धाग्यासारखा कृमी त्याच्या मेंदूतल्या पोकळ्यांमध्येच राहतो, चावऱ्या चिलटांमार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि ग्रॅकलच्या वागण्यात त्याने सहसा काही फरक पडत नाही. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जमलेलं आहे. पण त्याच भागात लोकांनी इमू पाळायला सुरुवात केली, तेच चिलट इमूला चावलं आणि इमूंच्या माना वळू लागल्या, पाय अडखळू लागले. कृमी तोच होता, पण यजमान परका होता.

रॅकून या अमेरिकेतल्या केसाळ प्राण्याच्या आतड्यातला बेलिसॅस्करिस नावाचा जंत हा त्याच प्रकारातला, फक्त जास्त घातकी. रॅकून ठरावीक जागी विष्ठा करतात. त्यात न पचलेलं बी असतं आणि ते टिपायला पक्षी येतात. पोटात गेलेल्या अंड्यातून अळी निघते, तिला रॅकूनचं आतडं सापडत नाही, आणि ती शरीरभर हिंडत मेंदूत शिरते. छोट्या पक्ष्याच्या मेंदूत अशी एक अळीही जीव घ्यायला पुरते. हा माणसालाही होऊ शकतो; क्वचित, पण झाला तर गंभीर, आणि जास्त करून माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना. मात्र तो येतो रॅकूनच्या विष्ठेतून. पक्ष्यात ती अळी कधी प्रौढ होत नाही, अंडी घालत नाही, त्यामुळे पक्ष्याच्या विष्ठेतून ती माणसाला लागत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनी-ब्रिस्बेनकडे टॉनी फ्रॉगमाउथ नावाचा घुबडासारखा दिसणारा निशाचर पक्षी गोगलगायी खातो, आणि उंदरांचा फुप्फुसकृमी त्याच्या मज्जासंस्थेत जातो. तिथले पशुवैद्य या पक्ष्याकडे धोक्याची घंटा म्हणून बघतात: फ्रॉगमाउथ लडबडायला लागले, म्हणजे परिसरातल्या गोगलगायींमध्ये कृमी आहे. तो माणसाला होतो कच्च्या गोगलगायीतून किंवा न धुतलेल्या पालेभाजीवर चिकटलेल्या बारीक गोगलगायीतून. इथेही पक्ष्याकडून नाही.

सगळेच वाट चुकलेले असतात असंही नाही म्हणा. ट्रायकोबिलहार्झिया रेजेंटी नावाचा कृमी बदकाचाच आहे, आणि तरीही मुद्दाम मज्जासंस्थेतूनच प्रवास करतो. पाण्यात बदकाच्या पायाच्या कातडीतून शिरतो, नसांवरून मज्जारज्जू, तिथून मेंदू, आणि शेवटी नाक. नाकाच्या आतल्या अस्तरात अंडी घालतो. बदक पाणी प्यायला चोच बुडवतं, आणि त्याची पिल्लं परत पाण्यात. वाटेत किती नासधूस झाली त्यावर बदकाचा पाय लुळा पडतो की नाही हे ठरतं. माणूस त्या पाण्यात उतरला तर कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. कृमी तिथेच मरतो.

आता जावेचा आणि मांजराचा विषय. इथे मात्र मी भावजींना पूर्ण खोडून काढणार नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पक्ष्यांच्या मेंदूतही जातो आणि गरोदर बाईच्या बाबतीत त्याची काळजी घ्यावीच लागते. पण त्याचा रस्ता समजून घ्या. तो मांजराच्या आतड्यातच पूर्ण वाढतो. बाधित उंदीर किंवा पक्षी खाल्ला की मांजराला लागण होते, आणि मग साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याच्या सूक्ष्म पुटी पडतात; पुढे बहुधा आयुष्यभर नाही. ताज्या विष्ठेतली पुटी लगेच लागण करत नाही, तिला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. तयार झाली की ओल्या मातीत वर्षभरही टिकते. पक्षी ती माती चिवडतात, आणि सोसतात तेच. हवाई बेटांवरचा अलाला कावळा जंगलातून नाहीसा होत होता. तो परत वसवायला 1990च्या दशकात जे पक्षी सोडले, त्यांतले काही टॉक्सोप्लाझ्माने मेले. त्या बेटांवर मांजर नव्हतंच, माणसाने नेलं. तेव्हा मांजराचा गुन्हा आहे, पण तो पक्ष्यांच्या बाबतीत.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर मांजर कुठेही सोडू नका. बाहेर सोडलेलं मांजर पक्षी आणि उंदरांवरच जगणार, म्हणजे हाच फेरा वाढवणार. त्याला घरात ठेवा, कच्चं मांस देऊ नका, आणि मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करा. रोज साफ झाला तर पुटीला तयार व्हायला वेळच मिळत नाही. हे काम जावेने करायचं नाही. भावजींनी करावं, एवढी काळजी आहे तर हातभारही लागू दे. तिने कुंड्यांच्या मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, भाज्या-फळं नीट धुवावीत आणि अर्धकच्चं मांस खाऊ नये. गरोदर बाईला या परजीवीची लागण अर्धकच्च्या मांसातून होण्याची शक्यता पाळीव मांजरापेक्षा कमी नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. शंका असेल तर तिच्या डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा. हा संसर्ग गरोदरपणाच्या बराच आधी होऊन गेला असेल तर बाळाला सहसा धोका नसतो.

कबुतरापासून माणसाला खरा त्रास होतो तो वाळलेल्या विष्ठेच्या धुळीचा, आणि गच्ची झाडताना त्याचा विचार कुणीच करत नाही. त्या धुळीत सिटाकोसिस या न्यूमोनियासारख्या आजाराचे जिवाणू असू शकतात, आणि वर्षानुवर्षं ती हुंगणाऱ्यांना फुप्फुसाची चिवट ॲलर्जी होते. कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशीही वाढते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती जाऊ शकते. कबुतराला मात्र तिचं सहसा काही होत नाही, कारण त्याचं अंग आपल्यापेक्षा चांगलंच गरम असतं, 41-42 अंशांचं. म्हणून गच्चीतली विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क लावा, मग पुसून काढा. जावेला त्या कामापासून लांब ठेवा.

राहिलं पाण्याचं. त्या दोन थेंबांनी कबूतर मेलं असं मला वाटत नाही. ज्या अवस्थेचं तुम्ही वर्णन केलंत ती मुळातच वाईट होती. पण पुढच्या वेळी पाजू नका. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. मान सरळ नसेल तर चोचीत सोडलेलं पाणी थेट तिकडे जातं. हात लावलात हे चुकलं नाही, मात्र हातमोजे हवेत, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. टॉवेल गरम पाण्यात धुवून टाका.

असा पक्षी पुन्हा दिसला तर टॉवेल टाकून, दोन्ही पंख अंगाशी धरून उचला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली जाड कापड घाला, त्यावर दुसरं कापड वळ्यासारखं गुंडाळून ठेवा आणि त्यात पक्ष्याला बसवा, म्हणजे मानेला टेकू मिळतो. खोकं अंधाऱ्या, शांत जागी, मांजरापासून आणि घरात पाळलेले पक्षी असतील तर त्यांच्यापासूनही लांब. दाणा-पाणी काही नको. लगेच पशुवैद्याला किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा. रानपक्षी घरात ठेवणं बऱ्याच देशांत कायद्यालाही धरून नसतं. कुणाच्या सांगण्यावरून जंताचं औषध मात्र देऊ नका. आयव्हरमेक्टिनची मात्रा जास्त झाली की पक्षी त्यानेच लडबडायला लागतो, आणि मग मूळ आजार कुठला आणि औषधाचा प्रताप कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

पक्षी मेला आणि कारण कळावं असं वाटत असेल तर त्याला दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा आणि शक्यतो दिवसभरात पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पोचवा. फ्रीझरमध्ये गोठवू नका. गोठल्यावर मेंदूच्या पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काही नीट उरत नाही. कारण कळण्याचा रस्ता तोच एक आहे. तपासायचं नसेल तर तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा, फक्त मांजरा-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

दाण्यांचं म्हणाल तर तीन-चार आठवडे बंदच ठेवा. पक्षी उपाशी मरणार नाहीत, ते दुसरीकडे खातील. गर्दी पांगली की त्यांच्यातला विषाणू असो वा परजीवी, त्याचा पसरण्याचा सोपा रस्ता बंद होतो. तेवढ्यात पाण्याचं भांडं घासून, उन्हात वाळवून ठेवा. पुन्हा सुरू कराल तेव्हा जमिनीवर ढीग ओतू नका. सकाळी संपेल एवढंच उंचावर ठेवा आणि उरलेलं संध्याकाळी उचला. रात्रभर पडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजरं. या तीन-चार आठवड्यांत परिसरात आणखी एखादं कबूतर मान वाकडी करून बसलेलं दिसलं, किंवा कावळे नाहीतर पाणपक्षी एकगठ्ठा मेलेले दिसले, तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. त्यात बर्ड फ्लूचीही शक्यता धरावी लागते, आणि ती तपासणी त्यांनीच करायची असते.